इंजिन खोलायच्या आधी त्याचा श्वास बघ

भावा, तुझा प्रश्न मला कळला तो असा. वडिलांची १९८६ सालची बुलेट ३५० चार वर्षं कागलच्या घरी गोठ्यात उभी होती. तू ती धुऊन-पुसून, कार्बोरेटर साफ करून, बॅटरी घालून चालू केलीस. पहिल्याच दिवशी खाली ताटाएवढं ऑइलचं डबकं झालं आणि नंतर रोज वाटीएवढा डाग पडतोय. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "पूर्ण इंजिन खोलावं लागतंय." दुसरा हसून म्हणाला, "बुलेट हाय, गळणारच." आता तुला विचारायचंय की यातलं खरं काय आणि घरी काय करता येईल.

दोन्ही उत्तरं आळशी आहेत. दुसरं तर मीही गिऱ्हाईकाला गप्प करायला पुष्कळदा दिलंय, म्हणून हक्कानं सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३५ वर्षं मिस्त्री म्हणून पान्हा धरला. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, इंजिन थोडंफार ओलं राहतं, मान्य. पण ओलं राहणं वेगळं आणि वाटीभर गळणं वेगळं.

आधी त्या पहिल्या दिवसाच्या डबक्याचं बघू, कारण त्यानंच तू घाबरलायस. या इंजिनाची ऑइलची टाकी वेगळी लटकवलेली नसते, ती चेंबरच्याच (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ओतकामात असते. तिथनं एक पंप ऑइल क्रँककडं (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि वर रॉकरकडं (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) पाठवतो, दुसरा पंप खाली साचलेलं ऑइल उचलून परत टाकीत टाकतो. दोन्ही पंप उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या फटीतनं हळूहळू झिरपत खाली क्रँकच्या खोलीत उतरतं. चार वर्षांत जवळजवळ सगळं उतरलं असणार. मग तू किक मारलीस, फ्लायव्हील त्या तळ्यात फिरलं आणि ऑइल ब्रीदरमधनं, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेनं, बाहेर फेकलं गेलं. सायलेन्सरमधनं निळा धूरही आला असेल. तो बिघाड नव्हे, उभ्या गाडीचा हिशेब आहे. त्या डबक्यावरनं इंजिन खोलायचा सल्ला देणाऱ्यानं गाडी किती दिवस उभी होती हे विचारलं तरी होतं का?

म्हणून पहिलं काम, सगळं जुनं ऑइल काढ. खाली एकाहून जास्त ड्रेन नट आहेत, टाकीचा वेगळा आणि चेंबरचा वेगळा. नुसता एकच सोडून लोक "ऑइल बदललं" म्हणतात आणि निम्मी घाण आत ठेवतात. टायमिंग कव्हरच्या खालच्या अंगाला फिल्टरची वाटी आहे, आतला नमद्याचा फिल्टर नवा घाल. आणि हे विसरू नको, वाटी बंद करण्याआधी तिच्यात नवं ऑइल भर. कोरडी ठेवलीस तर पंपाला ऑइल धरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ बिगएंड, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग, कोरडं फिरतं. मग २०डब्ल्यू-५० ऑइल, सगळं मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास. डिपस्टिक बघायची ती इंजिन पाच मिनिटं चालवून, बंद करून, थोडं थांबून. सकाळी थंड गाडीची डिपस्टिक खोटं बोलते, कारण रात्रीत ऑइल खाली उतरलेलं असतं. ती खोटी पातळी बघून लोक वरनं आणखी अर्धा लिटर ओततात आणि मग जास्तीचं बाहेर आलं की "गळतंय" म्हणून माझ्याकडं येतात.

आता रोजच्या वाटीकडं.

गळती शोधताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेंब पडतो तिथं बघणं. थेंब पडतो तो सगळ्यात खालच्या टोकावरनं, ऑइल येतं वरनं. वरनं खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं पुढनं मागं जातं. हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) पुढच्या कडेची गळती मागच्या टायरवर दिसलेली मी पाहिलीय. त्यात चेनचं ऑइल उडून गिअरबॉक्सवर बसतं आणि तीही गळतीच वाटते. म्हणून आधी इंजिन आंघोळ घातल्यासारखं धुवायचं. डिझेल किंवा रॉकेल, जुना ब्रश, दात घासायचा ब्रश फटींसाठी, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. पेट्रोलनं धुऊ नको. पॉइंटच्या ठिणगीपाशी पेट्रोलची वाफ म्हणजे काय, ते एकदा बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर (पॉइंट असतात ती डबी) पिशवीत बांध.

पूर्ण वाळल्यावर साधी टाल्कम पावडर हातावर घेऊन सगळ्या जोडांवर फुंकर मार. पांढरा थर बसला पाहिजे. (रांगोळी नको. एका हुशारानं रांगोळी टाकली होती, ती दगडाची पूड असते, बेअरिंगमध्ये गेली तर संपलं.) मग गाडी मेन स्टँडवर लावून दहा मिनिटं नुसती चालू ठेव, गोठ्याच्या बाहेर, मोकळ्या हवेत. टॉर्च घेऊन बघ. पावडर जिथं पहिल्यांदा भिजते, आणि सगळ्यात वर जिथं भिजते, तीच जागा. काही दिसलं नाही तर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आण. थंड इंजिन गळत नाही आणि गरम गळतं असं बऱ्याचदा होतं, कारण ॲल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. तुझं बॅरल (पिस्टन ज्यात चालतो ते नळकांडं) बीडाचं, हेड आणि चेंबर ॲल्युमिनियमचं. दोघं एकमेकांवर सरकतात आणि मध्ये पॅकिंग (जोड बंद करणारा पातळ थर) रगडलं जातं.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाक. दोन्ही चाकांच्या आणि स्टँडच्या खुणा पेनानं कर, म्हणजे रोज गाडी त्याच जागी उभी राहील. सकाळी प्रत्येक डागाभोवती गोल काढून तारीख लिही. डागाचा वासही घे, हसू नको. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतलास की विसरणार नाहीस. इंजिन ऑइल काळपट आणि जळकट. ऑइलला पेट्रोलचा वास आला आणि ते पाण्यासारखं पातळ लागलं, तर प्रश्न गळतीचा नाहीच. कार्बोरेटरची सुई बसत नाही आणि पेट्रोल आत उतरतंय. तसलं ऑइल लगेच काढायचं आणि पेट्रोलचा कॉक रोज बंद करायची सवय लावायची.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ती गोष्ट. पान्हा हातात घेण्याआधी इंजिनाचा श्वास बघ.

एकच पिस्टन, ७० मिमी बोर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). तो खाली येतो तेव्हा चेंबरमधली साडेतीनशे सीसी हवा दाबतो. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. ती हवा बाहेर पडायला ब्रीदर असतो, चेंबरच्या डाव्या अंगाला, सिलिंडरच्या पायथ्याशी. जुन्या मॉडेलात तिथं बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. हवा बाहेर जाताना चोच उघडते, पिस्टन वर गेला की मिटते. त्यामुळं चेंबरमध्ये दाब न राहता किंचित ओढ राहते. ही ओढ आहे तोवर ऑइल जोडातनं बाहेर यायला बघत नाही. रबर कडक झालं, चोच चिकटली, नळी चिखलानं किंवा कुंभारमाशीच्या घरानं बुजली (गोठ्यात उभ्या गाडीत हे हमखास) की सगळा दाब आत कोंडतो. मग ऑइल टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांच्या) दारातनं येतं, रॉकर कव्हरमधनं येतं, डिस्ट्रिब्युटरच्या बुडातनं येतं, क्रँकच्या सीलमधनं येतं. मिस्त्री ही सगळी पॅकिंगं बदलतो, गिऱ्हाईक पैसे देतं आणि महिन्याभरात परत तेच. मीही असं केलंय, सुरुवातीची पाचेक वर्षं तरी.

तुझं रबर चार वर्षांत लाकूड झालं असणार. ते काढून बोटांनी दाब. ओठ मऊपणे उघडले आणि मिटले पाहिजेत. नवं रबर फारसं महाग नसतं. ब्रीदरला नळी असेल तर ती काढून आरपार तार घाल, फुंकून बघ. नंतर इंजिन आयडलवर ठेवून ब्रीदरच्या तोंडाशी बोट धर. धक-धक असं बाहेर ढकललेलं जाणवलं पाहिजे, आत ओढणं अगदी कमी. सतत फुसफुस आणि सोबत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा खलास आहेत, जळालेला वायू पिस्टनच्या बगलेतनं खाली जातोय. ती वेगळी गोष्ट आणि तिथं बोर-पिस्टनचं काम निघतं. अंदाज घ्यायला किकवर उभा राहून बघ. इंजिन कॉम्प्रेशनवर (पिस्टन हवा दाबायला लागतो आणि किक जड लागते तिथं) आणून किकवर शरीराचं वजन सोड. काही सेकंद धरलं तर रिंगा जगण्यालायक आहेत. लोण्यात पाय गेल्यासारखं झालं तर नाहीत. व्हॉल्व्ह बसत नसला तरी किक सैल लागते, त्यामुळं एवढ्यावरनंच बोर करायला टाकू नको.

श्वास मोकळा करून शंभरेक किलोमीटर चालव. उभ्या गाडीची वाळलेली सीलंही गरम ऑइलमध्ये थोडी मऊ होतात. पुठ्ठ्यावरचे डाग निम्म्यावर येतात असा माझा अनुभव आहे. जे उरतात त्यांच्याच मागं लागायचं.

उरलेल्यांत पहिला संशयित रॉकरला ऑइल नेणारी बाहेरची बारीक नळी. तिच्या बँजो बोल्टच्या (मधनं पोकळ, ऑइल जाऊ देणाऱ्या) दोन्ही अंगांना वॉशर असतात. तांब्याचे असतील तर फेकू नको. गॅसवर लाल होईस्तोवर तापवून गार कर, तांबं परत मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं. बोल्ट आवळताना नळीला पीळ देऊ नको, तिथं ती तडकते. दुसरा संशयित बॅरलच्या उजव्या अंगाचं टॅपेटचं दार. एकाच नटावर बसतं, म्हणून प्रत्येक जण तो नट जीव खाऊन आवळतो. दार मधनं आत वाकतं, कडा उचलल्या जातात आणि जितकं आवळशील तितकं जास्त गळतं. दार काढ, काचेच्या दुकानातनं जाड काचेचा तुकडा आण, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून रॉकेल टाक आणि दार इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घास. कडेनं सगळीकडं सारखी चमक आली की सपाट झालं. रॉकर कव्हरलाही हाच उपाय. दार उघडं आहेच तर टॅपेटही बघून घे. इंजिन पूर्ण थंड आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना पुशरॉड (टॅपेटवरनं रॉकरकडं जाणारी काठी) बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली खेळ नको.

पॅकिंग घरी कापता येतं. गॅस्केट पेपर घे, कव्हरच्या कडेला ऑइलचं बोट फिरव, कागदावर दाब. जो ठसा उमटतो तो कात्रीनं काप, भोकं पोकळ पंचनं पाड. कव्हरवर कागद ठेवून हातोडीनं ठोकत कापायची जी जुनी पद्धत आहे ती मी शिकलो तीच, पण तिनं ॲल्युमिनियमच्या कडा मरतात. नको.

आणि सिलिकॉन. ट्यूब आपल्याकडं नवी नवी आली तेव्हा आम्हाला वाटलं, पॅकिंगचा जमाना गेला. एका बुलेटच्या टायमिंग कव्हरला मी दोन्ही बाजूंनी भरपूर लावलं. कव्हर आवळल्यावर जेवढं बाहेर आलं ते पुसलं, तेवढंच आत गेलं ते कोण पुसणार? आतली शेवयी सुटून ऑइलच्या वाटेत अडकली. गाडी गगनबावड्याच्या घाटात जाम झाली, बिगएंड गेलं. क्रँकचा खर्च माझ्या पगारातनं कापला गेला आणि कापायलाच पाहिजे होता. या इंजिनात टायमिंग कव्हरच्या पॅकिंगमधनंच ऑइलच्या वाटा जातात. तिथं सिलिकॉन नाही म्हणजे नाही. पॅकिंगला ऑइलच्या वाटेची भोकं आहेत ना, ती कव्हरवरच्या भोकांशी जुळतात ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कव्हर लावू नको. नुसतं ग्रीसचं बोट फिरवलेलं कागदी पॅकिंग पुरतं. तसंही टायमिंग कव्हर पहिल्याच फटक्यात घरी उघडू नकोस.

डाव्या बाजूची प्रायमरी केस (क्रँककडनं क्लचकडं जाणाऱ्या चेनची पेटी) ही तुझ्या वाटीची खरी मालकीण असू शकते. तिच्यात वेगळं ऑइल असतं, चारशे-सव्वाचारशे मिली. बाहेरचं कव्हर मधल्या एकाच नटावर आणि कडेच्या रबरी रिंगवर बसतं. इथंही टॅपेटच्या दाराचीच गत, जास्त आवळलं की फुगतं. रिंग नवी घाल, खाच फडक्यानं कोरडी कर, नट बेताचा. पण आधी तिचा लेव्हलचा स्क्रू काढून बघ. तिथनं भसाभसा ऑइल आलं आणि इंजिनाची डिपस्टिक मात्र खाली जात असेल, तर इंजिनाचं ऑइल क्रँकच्या डाव्या सीलमधनं प्रायमरीत शिरतंय. क्लच घसरतोय का तेही बघ. हे सील बदलायला क्लच, प्रायमरी चेन, सगळं काढावं लागतं. क्लचचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) नसेल तर घरी नाद करू नको. छिन्नी-हातोडीनं काढलेली क्लचची घंटी मी ओळखतो, ती आयुष्यभर थरथरते.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. हा चार गिअरचा डबा जुना आहे, त्याला ग्रीस आणि ९० नंबरच्या गिअर ऑइलचं मिश्रण चालायचं. नुसतं पातळ ऑइल गळ्यापर्यंत भरलं तर ते स्प्रॉकेटच्या मागनं आणि किकच्या शाफ्टमधनं येणारच. पातळी बघ, जास्त असेल तर काढ. पण स्प्रॉकेटमागची गळती मागच्या टायरवर येते का हे रोज बघ. एकदा जोतिबाहून उतरताना वळणावर माझं मागचं चाक असंच निसटलं, कोपरावरची खूण अजून आहे. टायर ओला दिसला तर साबणानं धुतल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

हेडच्या पॅकिंगवर संशय असेल तर इंजिन पूर्ण गार असताना नट फुलीच्या क्रमानं थोडे थोडे आवळून बघ, टॉर्क रेंच उसना मिळाला तर उत्तम. हेडवर काळी, काजळीसारखी चिकट ओल दिसली तर हेडचं पॅकिंग गेलं म्हणू नको. आधी डिकॉम्प्रेशनचा छोटा व्हॉल्व्ह (किक हलकी व्हावी म्हणून दाब सोडणारा) बघ. त्याची केबल जास्त ताणलेली असेल तर तो पूर्ण मिटत नाही आणि तिथनं काजळी फुंकत राहतो. केबल सैल केली की काम झालं.

आटे गेलेला नट सापडेल, नक्की सापडेल, चाळीस वर्षांच्या गाडीत किती हात फिरलेले असतात. त्यावर टेफ्लॉनची पट्टी, एम-सील असले प्रयोग नकोत. कव्हर घेऊन उद्यमनगरात ये, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालून अर्ध्या तासात मिळतं. कोल्हापुरात असण्याचा एवढा तरी फायदा घे.

बाकीची देखभाल तुला जमेल. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. चेन रॉकेलनं धुऊन ऑइल, ढिलाई इंचभर. ऑइल पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा बदल, गाडी कमी फिरली तरी, कारण आपल्या जुलैत उभ्या इंजिनातही ओल धरते. आठवड्यातनं एकदा तरी वीस किलोमीटर चालव, म्हणजे ऑइल खाली उतरून बसणार नाही. काढलेलं काळं ऑइल डब्यात साठवून गॅरेजला दे, जुनं ऑइल गोळा करणारे तिथनं घेऊन जातात. गटारात ओतू नको. कागलचं असो नाहीतर कोल्हापुरातलं जयंती नाल्यात जाणारं, गटार शेवटी नदीलाच मिळतं.

इंजिन खोलायचं कधी? काढलेल्या ऑइलमध्ये चमचमणारा धातूचा चुरा दिसला, खालनं घणासारखा ठोका ऐकू आला, किंवा ब्रीदर नवा घालूनही धूर आणि फुसफुस थांबली नाही तर. यातलं काही नसेल तर त्या पहिल्या मिस्त्रीला नमस्कार कर. शंभर किलोमीटर झाल्यावर तारखा लिहिलेला तो पुठ्ठा घेऊन ये, गाडी नाही आणलीस तरी चालेल.